सखल शहरात नवा विमानतळ: एवढा खर्च करण्याजोगा आहे का?

लेव्हलमशीन (धागाकर्ता)

खाडीकाठच्या किंवा नदीकाठच्या सखल शहरात नवा विमानतळ जाहीर झाला की वाद 'विकास हवा की नको' एवढ्यावरच अडकतो. खरा प्रश्न बाजूला राहतो. अशा जागेवर टर्मिनलच्या इमारतीपेक्षा जमीन आणि पाणी यांवरचा खर्च निर्णायक ठरतो, आणि पहिल्या अंदाजपत्रकात नेमका तोच हात आखडून धरलेला असतो.

माझं मत आधीच मांडतो. असा विमानतळ करण्याजोगा आहे. मात्र जमिनीला बसायला वेळ, पाण्याला थांबायला जागा आणि जुना विमानतळ हाताशी ठेवण्याचा खर्च, हे सगळं पहिल्याच मंजुरीत असलं पाहिजे. नंतर 'वाढीव काम' म्हणून घुसवलं की हिशेब कोलमडलाच म्हणून समजा.

चर्चेसाठी उदाहरण बँकॉकच्या सुवर्णभूमीचं घेऊ. जागा १९७३ मध्ये घेतली, विमानतळ सुरू झाला २८ सप्टेंबर २००६ ला. मुळात ती दलदल. सुमारे ३,२४० हेक्टर जागेभोवती साधारण ३.५ मीटर उंच आणि २३.५ किलोमीटर लांब बांध घातला, आत कालवे, साठवण तलाव आणि पंप. २०११ च्या महापुरात शहराचा जुना डॉन मुआंग विमानतळ पाण्याखाली गेला आणि मार्च २०१२ पर्यंत बंद राहिला. सुवर्णभूमी चालू होता. बांधावरचा पैसा त्या एका मोसमात कामी आला.

पण दुसरी बाजूही आहे. उद्घाटनाला वर्ष व्हायच्या आत टॅक्सीवेवर (धावपट्टी आणि टर्मिनल यांना जोडणाऱ्या मार्गांवर) तडे आणि चाकोऱ्या पडल्या, आणि मार्च २००७ मध्ये देशांतर्गत उड्डाणांसाठी डॉन मुआंग पुन्हा उघडावा लागला. दोन्ही गोष्टी एकाच विमानतळाच्या आहेत. मतं येऊ द्या.

ताळेबंद

मी विरोधात. भावनेपोटी नाही, हिशेबामुळे.

भांडवली खर्च १०० धरा. ८ टक्के व्याज, ३० वर्षांची फेड. दरवर्षीचा हप्ता साधारण ८.९ येतो. आता सगळा पैसा गुंतून पडलेला असताना उद्घाटन तीन वर्षं लांबलं, तर मुद्दल १२६ होते आणि हप्ता ११.२. एक विटही जास्त न लावता प्रत्येक प्रवाशामागचा बोजा चौथ्या हिश्श्याने वाढला. त्यात पहिल्या पाच-सात वर्षांत प्रवासी निम्म्या क्षमतेइतकेच आले तर तो आकडा दुप्पट करा. सखल जागेवर मुदत लांबण्याची शक्यता पक्क्या जमिनीपेक्षा जास्त, कारण माती कुणाचं वेळापत्रक पाळत नाही.

आणि 'जुना विमानतळ चालू ठेवा' हे म्हणणं सोपं आहे. माँट्रियलचा मिराबेल १९७५ मध्ये सुरू झाला. आंतरराष्ट्रीय उड्डाणं तिकडे, देशांतर्गत जुन्या डॉर्व्हलला. एका विमानातून उतरून दुसरं पकडणाऱ्याला एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावं लागायचं. ठरलेली रेल्वे झालीच नाही. विमान कंपन्या टोरोंटोकडे वळल्या आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी सेवा बंद झाली. तिथली जमीन सखल नव्हती, तरी ही गत. जुना चालू ठेवला तर नवा उपाशी, बंद केला तर पुराच्या दिवशी शहर विमानाविना. यातलं काय निवडायचं ते धागाकर्त्यांनी सांगावं.

लेव्हलमशीन

ताळेबंद, मिराबेल बुडाला तो वाटणी चुकल्यामुळे. बदली-प्रवासी जिथे उतरतो तिथूनच त्याला पुढे जाता आलं पाहिजे, त्यामुळे आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत अशी फाळणी करायचीच नाही. मोठ्या कंपन्यांचं पूर्ण जाळं नव्याकडे. जुन्याकडे थेट ये-जा करणाऱ्या कमी भाड्याच्या सेवा, लहान विमानं, मालवाहतूक. बँकॉकने २०१२ नंतर जवळपास हेच केलं. अशा वाटणीत जुना विमानतळ स्वतःचा खर्च बराचसा भागवतो आणि अडीअडचणीला तयार असतो.

गाळमाती

जमिनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण 'मातीला वेळ लागतो' एवढ्याने कुणाला काही बोध होत नाही.

समजा १५ मीटर जाडीचा मऊ सागरी चिकणमातीचा थर आहे. वर भराव टाकला की त्याचा भार आधी मातीच्या छिद्रांतलं पाणी पेलतं. ते पाणी हळूहळू बाहेर पडतं तशी माती दबते. लागणारा वेळ पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर-खाली दोन्हीकडून निचरा असला तर हे अंतर ७.५ मीटर. अशा मातीचा घट्टीकरण गुणांक (माती पाणी सोडून किती झपाट्याने दबते याचं माप) वर्षाला १ चौरस मीटर धरला तर ९० टक्के बसायला सुमारे ४८ वर्षं. खालून निचरा नसेल तर चौपट, म्हणजे १९० वर्षं.

म्हणून उभे बँड ड्रेन टाकतात. सुमारे १०० मिलिमीटर रुंद, ३ ते ५ मिलिमीटर जाड प्लॅस्टिकची खाचा असलेली पट्टी, तिच्यावर गाळणीचं कापड. पोकळ लोखंडी मँड्रेलने ती मातीत दाबून घालतात आणि मँड्रेल वर ओढून घेतात. एक मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणी केली की पाण्याला जेमतेम अर्धा मीटर आडवं जायचं असतं, आणि तोच ९० टक्क्यांचा टप्पा सहा महिने ते वर्षभरात गाठता येतो. पट्ट्यांच्या माथ्यावर, भरावाखाली, वाळूचा अर्धा ते एक मीटर थर, पाणी बाहेर नेण्यासाठी. वर अंतिम पातळीपेक्षा दोन-तीन मीटर जादा भराव, ज्याला साइटवर सरचार्ज म्हणतात. तो ठरलेल्या बसण्यापर्यंत ठेवायचा आणि मग काढून पुढच्या तुकड्यावर न्यायचा.

चुकतं कुठे? मँड्रेल घुसताना भोवतालची माती कालवली जाते, तिची पाणी सोडण्याची क्षमता घटते आणि कागदावरचे सहा महिने साइटवर दहा होतात. वाळूच्या थरासाठी स्वस्तातली मातीमिश्रित वाळू आणली की थर तुंबतो. मग पट्ट्यांतून आलेलं पाणी तिथेच अडकतं. भराव भराभर चढवला तर मऊ माती कडेने फुगून सरकते. म्हणून थोडा थोडा टाकायचा, पिझोमीटरवर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणावर) दाब उतरलेला दिसल्यावर पुढचा थर. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून सरचार्ज लवकर काढणं. उरलेलं बसणं मग डांबराखाली होतं.

भरावाचा हिशेबही इथेच फसतो. जमीन ३ मीटर उंच हवी आणि ती १.५ मीटर बसणार असेल, तर ४.५ मीटर भराव लागतो. १,००० हेक्टरवर तो वरचा दीड मीटर म्हणजे १.५ कोटी घनमीटर. १५ घनमीटरच्या हायवा डंपरने १० लाख खेपा, तेही दबाईची घट न धरता. हा भराव कुठल्या डोंगरातून येणार, तिथवरचा रस्ता कुणाचा, हे अंदाजपत्रकात शोधून पाहा.

नवखा_वाचक

एक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळी धावपट्टी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, का उभी करत नाहीत? टर्मिनल पाइलवर असतंच की.

गाळमाती

करता येते. टोकियोच्या हानेदा विमानतळाची २०१० मध्ये सुरू झालेली चौथी धावपट्टी अंशतः अशी आहे. तामा नदीच्या मुखाशी सुमारे १.१ किलोमीटर भाग खांबांवर आहे, कारण तिथे भराव टाकला असता तर नदीचं पाणी अडलं असतं. जिथे वाहतं पाणी सोडणं भागच आहे तिथे हा खर्च समजण्यासारखा. बाकी सगळीकडे तो भरावापेक्षा कितीतरी महाग, आणि खारट हवेत लोखंड सांभाळणं कायमचं मागे लागतं.

तुमच्या प्रश्नात दडलेला धोका मात्र फार महत्त्वाचा आहे. पाइलवरचं टर्मिनल खचत नाही, शेजारचा भराव खचतो. धावपट्टीखालून जाणारी मोरी पाइलवर, तिच्या दोन्ही बाजू भरावावर. काही वर्षांत मोरीच्या जागी उंचवटा तयार होतो. नव्या धावपट्टीवर ३ मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये अशी अपेक्षा असते. यावरून उंचवटा किती लवकर त्रासदायक होतो ते कळेल. उपाय म्हणजे मोरीपासून दूर जाताना पाइलची लांबी टप्प्याटप्प्याने कमी करत नेणं, म्हणजे फरक एका रेषेवर न येता तीस-चाळीस मीटरांत वाटला जातो. सगळी जमीन सारखी बसली तर निभावतं. असमान बसली की दुरुस्ती सुरू.

ओसाकाजवळचं कान्साई १९९४ पासून समुद्रातल्या कृत्रिम बेटावर आहे. पहिलं बेट बांधकाम सुरू झाल्यापासून सरासरी १३ मीटरहून जास्त बसलं आहे. तळाचा वरचा मऊ थर वाळूच्या उभ्या निचऱ्यांनी आटोक्यात आणला, पण त्याखालच्या जुन्या, खोल थरांपर्यंत ते पोचत नाहीत आणि ते थर अजून दबत आहेत. तिथल्या टर्मिनलच्या सुमारे ९०० खांबांखाली जॅक बसवायची सोय आहे; खांब उचलून खाली पोलादी पट्ट्या सारतात. हा खर्च विमानतळ असेपर्यंत चालणार.

निचरा

आता पाणी. १,००० हेक्टर, त्यातला बहुतेक भाग काँक्रीट, डांबर आणि दाबलेला भराव, म्हणजे वाहून येणारा वाटा ०.८ धरा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सेकंदाला सुमारे २२० घनमीटर पाणी जमतं. एवढं थेट उपसणारे पंप कुणी बसवत नाही. म्हणून पाणी आधी तलावात थांबवायचं आणि मग सावकाश बाहेर काढायचं.

सहा तासांत ३०० मिलिमीटर पडला तर २४ लाख घनमीटर. तलावात वापरण्याजोगी खोली ३ मीटर मिळाली तर ८० हेक्टर क्षेत्र लागतं, एकूण जागेच्या ८ टक्के. सेकंदाला ३० घनमीटर उपसा ठेवला तर तलाव रिकामा व्हायला २२ तास. ४ मीटर उचल आणि ७० टक्के कार्यक्षमता धरून त्या पंपांना १.७ मेगावॉट वीज लागेल, तीही नेमकी शहराची वीज गेलेली असताना. म्हणून प्रत्येक पंपगृहाला स्वतःचा डिझेल जनरेटर, आणि एक पंप कायम राखीव.

भरतीच्या वेळी बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर असते. झडपा आपोआप मिटतात आणि दर सव्वाबारा-साडेबारा तासांच्या चक्रात काही तास नैसर्गिक निचरा शून्य असतो. उधाण आणि ढगफुटी एकाच वेळी येतील असंच गृहीत धरायचं. अनेक अहवालांत दोन्ही वेगवेगळे तपासलेले असतात, आणि दोन्हींत उत्तीर्ण. एकत्र तपासलेला तक्ता मागा. शिवाय झडपेत एक फांदी किंवा गादी अडकली तरी समुद्र आत येतो; मागे दुसरा उचलता दरवाजा हवाच.

माळढोक

८० हेक्टर उघडं पाणी धावपट्टीशेजारी म्हणजे बगळे, बदकं, घारी यांना आमंत्रण. इंजिनात पक्षी गेला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. तलाव करायचेच तर काठ उभे आणि पक्क्या अस्तराचे, कडेला गवत-लव्हाळं नाही, पाणी पावसाळ्यानंतर पूर्ण उपसून तळ कोरडा. वर जाळी किंवा तारा ताणणं मोठ्या तलावावर अवघड जातं. शक्य असेल तिथे साठवण हद्दीच्या दूरच्या टोकाला, विमानांच्या चढ-उताराच्या मार्गापासून बाजूला.

आणि पाणथळ बुजवली म्हणून पक्षी जात नाहीत. ते उरलेल्या तुकड्यांत दाटी करतात. विमानतळाच्या हद्दीबाहेरच्या १३ किलोमीटरच्या पट्ट्यात कचराडेपो आणि कत्तलखाने कुठे आहेत हेही त्याच अहवालात यायला हवं.

कंदील

विजेचा मुद्दा निचरा यांनी पंपांपुरता मांडला, तो पुढे नेतो. ४ सप्टेंबर २०१८ ला जेबी वादळाच्या लाटा कान्साईच्या भिंतीवरून आत आल्या. धावपट्टी बुडाली हे छायाचित्रांत दिसलं, पण खरा घात तळघरातल्या विद्युत यंत्रणेत पाणी शिरल्याने झाला. त्यातच एक तेलवाहू जहाज नांगर सुटून पुलावर आदळलं. हजारो लोक बेटावर अडकले. त्यानंतर भिंती आणि धावपट्टीची पातळी वाढवली, विद्युत यंत्रणा वर हलवली, जलरोधक दारं बसवली. पहिल्या आराखड्यातच उपकेंद्र पहिल्या मजल्यावर असतं तर खर्चात फारसा फरक पडला नसता.

पाणी ओसरलं म्हणजे विमानतळ सुरू होत नाही. आधी धावपट्टीवरचा गाळ आणि कचरा पूर्ण काढायचा, मग डांबराचं घर्षण मोजायचं. दिव्यांच्या साखळीमंडलांचे ट्रान्सफॉर्मर जमिनीतल्या खड्ड्यांत असतात. प्रत्येक मंडलाचा इन्सुलेशन रोध मेगरने (तो रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजायचा, पडलेला आढळला तर खड्डा खड्डा उघडून शोधायचा. उतरण्याचं मार्गदर्शन करणाऱ्या आयएलएसची उपकरणं बदलली असतील तर तपासणी विमान उडवून खात्री करायची. इंधन वाहिन्यांच्या खड्ड्यांत पाणी गेलं असेल तर इंधनाचे नमुने. आणि सगळ्यात शेवटी धावपट्टीखालचे थर: भिजलेल्या थरावर जड विमान चालवलं की डांबर सुटतं.

ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेचा विमानतळ मे २०२४ च्या पुरात बुडाला आणि ऑक्टोबरमध्ये उघडला, तोही सुरुवातीला आखूड धावपट्टीवर. मधल्या काळात शेजारच्या कानोआसच्या हवाई तळावरून मर्यादित प्रवासी सेवा चालली. जुना विमानतळ हाताशी ठेवण्याचं मोल कशात मोजायचं, असं ताळेबंद विचारत असतील तर या पाच-साडेपाच महिन्यांत मोजा.

जोडरस्ता

विमानतळ कोरडा आणि रस्ता बुडालेला, हा प्रकार जकार्ताने फेब्रुवारी २००८ मध्ये पाहिला. विमानतळाकडे जाणारा टोलरस्ता पाण्याखाली गेला; प्रवासी आणि वैमानिक वेळेवर पोचू शकले नाहीत, उड्डाणं रखडली. नंतर त्या पट्ट्यात उन्नत मार्ग केला. तो खर्च विमानतळाच्या खात्यावर दिसत नाही. सखल जागेवर निदान दोन मार्ग हवेत, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि त्यांची पातळी धावपट्टीच्या पातळीइतक्याच पुराच्या हिशेबाने ठरलेली. रस्ता २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आणि धावपट्टी १०० वर्षांतल्या पुरासाठी आखली असेल तर विमानतळ २५ वर्षांतल्या पुराचाच झाला.

भातखाचर

इथवरच्या सगळ्या चर्चेत विमानतळ कोरडा कसा ठेवायचा एवढंच आलं. त्याच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांचं काय? १,००० हेक्टर पूरमैदानावर पूर्वी पुरात एक मीटर पाणी उभं राहत असेल तर भराव टाकल्यावर १ कोटी घनमीटर पाण्याची जागा गेली. ते पाणी नाहीसं होत नाही. शेजारच्या गावांत आणि वस्त्यांत शिरतं. भोवती बांध घालून आतलं पाणी बाहेर उपसणारा विमानतळ तर पुरात भरच घालतो.

कोचीचा विमानतळ भातशेतीच्या सखल पट्ट्यात आहे, पेरियारच्या खोऱ्यात. ऑगस्ट २०१८ मध्ये तो १५ ते २९ तारखेपर्यंत बंद राहिला, कुंपणाची भिंत दोन किलोमीटरहून जास्त लांबीत कोसळली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा काही दिवस बंद. पाण्याला सवयीची जुनी वाट मिळाली नाही की ते भिंत पाडून वाट काढतं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा विमानतळाखालून आवळून नेलेल्या मिठी नदीच्या वरच्या अंगाच्या वस्त्यांत काय झालं, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

त्यामुळे माझी अट अशी की हद्दीबाहेर पुराची पातळी किती सेंटिमीटर वाढेल याचा नकाशा गावाच्या नावानिशी, घरांच्या जोत्यांसकट जाहीर व्हावा. वाढ शून्य करायची असेल तर तेवढीच साठवण जागा वरच्या अंगाला मोकळी करून द्या, आणि ती जमीनही याच प्रकल्पाच्या खर्चात धरा. तसं झाल्यावरही प्रकल्प परवडत असेल तर माझा विरोध नाही.

ताळेबंद

भातखाचर यांची अट मान्य केली की धागाकर्त्यांचं 'करण्याजोगा आहे' बरंच अवघड होतं. बँड ड्रेन, जादा भराव, तलाव, दुहेरी वीज, दुसरा रस्ता, वरच्या अंगाची साठवण, जुन्या विमानतळाची देखभाल. हे सारं मांडून मग पर्यायाशी तुलना करा. लंडनचं गॅटविक एका वेळी एकच धावपट्टी वापरून तासाला ५५ पर्यंत उड्डाणं-अवतरणं करतं. आधी जुन्या धावपट्टीला वेगाने बाहेर पडायचे टॅक्सीवे जोडा, मोठी विमानं येतील असं शुल्क लावा, ४००-५०० किलोमीटरच्या फेऱ्या जलद रेल्वेकडे वळवा. यातून दहा-बारा वर्षं मिळाली तरी खूप झालं.

लेव्हलमशीन

ती दहा-बारा वर्षं मिळवाच, माझा विरोध नाही. फक्त ती वाया घालवू नका. गाळमाती यांनी सांगितलेला वेळ नेमका तेवढ्याच काळात बसतो. जागा आज निश्चित करा, बोअर घ्या, पहिल्या धावपट्टीचा भराव आणि सरचार्ज टाका, टर्मिनलची निविदा मात्र काढू नका. मागणी ठरलेल्या आकड्याला पोचली की इमारत चार वर्षांत उभी राहते. मागणी आलीच नाही तर बुडालेला पैसा भरावापुरता. व्याजाचा जो फटका तुम्ही दाखवला, तो टर्मिनल आधी बांधून माती बसायची वाट पाहण्याने येतो.

गाळमाती, सरचार्ज काढायला हरकत नाही हे नेमकं कुणी आणि कशावरून ठरवायचं? राजकीय तारखेचा दबाव तिथेच येणार.

गाळमाती

बसणं मोजणाऱ्या प्लेट मूळ जमिनीवर ठेवून त्यांच्या नळ्या भरावातून वर काढलेल्या असतात. ठरावीक अंतराने, समजा दर सात दिवसांनी, लेव्हल घ्यायची. आजचं बसणं उभ्या अक्षावर आणि मागच्या वाचनाचं आडव्या अक्षावर मांडलं की बिंदू एका सरळ रेषेत येतात. ती रेषा ४५ अंशाच्या रेषेला जिथे छेदते ते अंतिम बसणं. याला असाओका पद्धत म्हणतात. त्या अंकाच्या ९० टक्के गाठलं आणि पिझोमीटरचा जादा दाबही तेवढाच उतरलेला दिसला, तरच काढायचा. एकटी प्लेट पुरेशी नाही, कारण वाळूचा थर तुंबला असेल तर बसणं मंदावतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. दाब मात्र आत कोंडलेला असतो.

वाचनं घेणारा ठेकेदाराचा माणूस नको, स्वतंत्र संस्था हवी, आणि दर आठवड्याचं वाचन प्लेटच्या क्रमांकानिशी लोकांसमोर ठेवायचं. निविदेत कलम एवढंच: अमुक प्लेट अमुक टक्क्याला पोचल्याशिवाय त्या तुकड्यावर डांबराचं बिल निघणार नाही.

निचरा

त्याच कलमात पंपांची भर घाला. एका पावसाळ्यात, उधाणाच्या भरतीला, बाहेरची वीज तोडून सगळे पंप सलग २४ तास चालवून दाखवायचे. सहसा अर्ध्या तासाची चाचणी होते आणि तेवढ्यात जनरेटरची डिझेल टाकीही तपासली जात नाही.